साहेब, अंगठा!

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझा मेल परवा रात्री वाचला आणि काल सकाळी चहा घेताना पुन्हा वाचला. पाणबुडी शाखेसाठी स्वतःहून नाव दिलेल्या, वैद्यकीय चाचणी पार केलेल्या आणि तरीही पूर्व किनाऱ्यावरच्या एका प्रशिक्षण तळावर नवशिक्या नौसैनिकांना दोर आणि होड्या शिकवायला पाठवलेल्या लेफ्टनंटला जे वाटेल तेच तुला वाटते आहे. त्याबद्दल मी तुझी समजूत काढत बसणार नाही. तुझ्यात धमक आहे हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, तेव्हा तो विषय सोडून देऊ. मला खटकले ते एकच वाक्य. 'काका, ही नेमणूक म्हणजे दोन वर्षे वाया,' असे तू लिहितोस आणि लगेच पुढच्या ओळीत माझ्यापुढे दोन वाटा ठेवतोस : राजीनाम्याचे पेपर टाकावेत, की कोणाकडून तरी वर शब्द टाकून घ्यावा. तिसरी वाट तुझ्या मनातही आली नाही, आणि वस्तुतः नौदलात राहणाऱ्याला तीच एक वाट असते. जी जागा मिळाली ती भरायची.

तुझी आई मागे सांगत होती की तुझ्या टेबलावर कॅप्टन मोहन नारायणराव सामंत यांचे छायाचित्र आहे. ते ऐकून मला बरे वाटले होते, कारण तुझ्या वयाच्या मुलांना महावीर चक्र मिळालेल्या मराठी नौदल अधिकाऱ्यांची नावे विचारली तर बहुतेकांची मान खाली जाते. पण मला शंका आहे की तू ते छायाचित्र अर्ध्याच कारणासाठी लावले आहेस. ४ सप्टेंबर १९६९ रोजी सोव्हिएत संघातील रिगा येथे आपली 'करंज' पाणबुडी नौदलात दाखल झाली आणि तिची पहिली कमान सामंतांकडे होती, हे तुला पाठ असणार. तिच्या नावाचे नाते आपल्या उरणजवळच्या करंजाशी आहे, हेही तू कुठेतरी वाचले असशील. मात्र त्यांच्या छातीवरचे ते चक्र 'करंज'वर मिळालेले नाही, आणि मला नेमके त्याविषयी बोलायचे आहे.

१९७१ च्या एप्रिल-मे महिन्यांत पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते, तेव्हा नौदल गुप्तवार्ता विभागाचे संचालक कॅप्टन मिहिर रॉय यांच्या हाताखाली एक गुप्त काम उभे राहिले आणि कमांडर सामंत त्याचे सूत्रधार झाले. पाण्याखालून जहाज शोधून बुडवण्याचे शिक्षण घेतलेला हा माणूस. त्याच्या हाती आता ना पाणबुडी होती, ना पाणतीर. हाती होता भागीरथीच्या काठावरचा एक तळ, १७५७ च्या लढाईमुळे आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असलेल्या त्याच प्लासीला; आणि शिकवायला होती गावाकडची, कॉलेजातली, शेतावरची बंगाली पोरे. त्यांनी युद्धनौका पाहिली असेल तर लांबूनच. फ्रान्समधील तूलाँ बंदरात पाकिस्तानी पाणबुडी 'मांग्रो' सोडून निसटलेले आणि माद्रिदमार्गे दिल्लीला पोहोचलेले आठ बंगाली नौसैनिक तेवढे जाणकार म्हणायचे. ते या कामाचा कणा ठरले.

आता त्या तळावर काय शिकवले जात होते ते ऐक, कारण तुला ते तुझ्या नव्या कामासारखेच 'किरकोळ' वाटेल. पोरांच्या अंगाला गमछ्याने विटा बांधून त्यांना तासन् तास नदीत पोहायला लावत. पाण्याचा आवाज न करता पाय कसे मारायचे, छातीला बांधलेला सुमारे पाच किलोचा लिंपेट सुरुंग जहाजाच्या बुडाला चिकटवण्यापूर्वी तिथले शेवाळ आणि शिंपले सुरीने कसे खरवडायचे, एवढाच अभ्यासक्रम. सुरुंगाच्या कळीवर पाण्यात विरघळणारे बूच असे आणि ते फार लवकर विरघळे, म्हणून त्यावर निरोध चढवण्याची युक्ती काढली गेली. युद्धशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात ही युक्ती तुला सापडणार नाही. काम अंगावर पडलेल्या माणसांनाच असे सुचते. लेफ्टनंट कमांडर मार्टिस आणि त्यांच्या बरोबरचे मोजके नौसैनिक दिवसरात्र त्या चिखलात उभे होते. या तळाने चारशेहून अधिक पाणसैनिक तयार केले.

ऑगस्टच्या मध्याला, पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन उलटताच, आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून ठरलेली दोन बंगाली गाणी वाजली. पहिले तयारीचे, दुसरे हल्ल्याचे. पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चारही बंदरांत एकाच रात्री जहाजांच्या बुडाखाली स्फोट झाले. एका पाणबुडीने एका फेरीत एवढे नुकसान केले असते तर तिच्या कप्तानाला खांद्यावर घेऊन नाचले असते. इथे मात्र कोणाचे नावही घेता येत नव्हते. मी त्या वर्षी खडकवासल्याला प्रबोधिनीत होतो. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर केलेला हल्ला आम्ही मेसमध्ये टेबले वाजवून साजरा केला होता. प्लासीचे नाव मात्र आमच्या कानावर आले नाही, आणि पुढची अनेक वर्षे येणार नव्हते. सामंतांना मी कधी भेटलो नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ते गेले, त्या वेळी त्यांचे वय ८९ होते. भेटायचे ठरवून राहून गेलेल्या माणसांच्या माझ्या यादीत ते पहिले आहेत.

तू म्हणशील, काका, युद्ध वेगळे आणि बदल्यांचे रोजचे रहाटगाडगे वेगळे. म्हणून आता माझे सांगतो. सांगायला फारसे आवडत नाही, तरी.

१९८३ च्या उन्हाळ्यात मला एका प्रशिक्षण संस्थेत नेमणूक मिळाली. मी तेव्हा लेफ्टनंट कमांडर होतो, नुकताच एक अवघड कोर्स वरच्या क्रमांकाने केला होता आणि त्या वर्षी दाखल होणाऱ्या एका नव्या जहाजावर माझा हक्क आहे, अशी माझी ठाम समजूत होती. मी एका ज्येष्ठ अधिकाऱ्याला फोन केला. माझ्या वडिलांची आणि त्यांची गाववाले म्हणून ओळख होती. पंधरा दिवसांत माझे नाव त्या कागदावरून गेले आणि जहाजाच्या यादीत आले. माझ्या जागी माझाच एक कोर्समेट गेला. त्याचे मुंबईत बस्तान बसले होते, मुलीला नुकतेच शाळेत घातले होते. निघताना तो मला भेटायला आला, चहा प्यायला, आणि या विषयावर चकार शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर फार बरे झाले असते.

जहाज मिळाले, पण मी कसा आलो आहे हे जहाजाला माझ्याआधी कळलेले होते. कॅप्टनने मला कधी टोचले नाही. फक्त वादळी रात्री ब्रिजवरची वॉच माझ्याकडे येत नसे आणि अवघड बंदरात शिरताना माझ्या हाती काही सोपवले जात नसे. त्या दीड वर्षात मी नेमका काय शिकलो, असे आज विचारशील तर पेंटचा हिशेब ठेवायला शिकलो.

आता अंगठ्याची गोष्ट. १९८६ च्या पावसाळ्यात, दुसऱ्या एका जहाजावर, आम्ही धक्क्याला लागत होतो. मागच्या डेकवर मी अधिकारी होतो. पाऊस आडवा येत होता, वारा जहाजाला धक्क्यापासून ढकलत होता आणि नायलॉनचा जाड दोर लोखंडी खुंट्याला वेढे देऊन चार जणांनी धरला होता. एक माणूस घसरला. अधिकाऱ्याने मागे उभे राहून हुकूम द्यायचा असतो. मी पुढे झालो आणि दोराला हात घातला. त्याच क्षणी शेजारचा वीस-एकवीस वर्षांचा पोरगा ओरडला, 'साहेब, अंगठा!' आणि त्याने माझ्या मनगटावर असा फटका मारला की हात सुटलाच. पुढच्या श्वासाला जहाजाचे सगळे वजन दोरावर आले, वेढे किंचाळत सरकले आणि ओल्या दोरातून धूर निघाला. मी अंगठा दोराला गुंडाळून, खुंट्यापासून वीतभर अंतरावर पकड घेतली होती. हा मेल मी संगणकावर लिहितो आहे आणि यातील दर दोन शब्दांमधली मोकळी जागा त्याच अंगठ्याने पाडलेली आहे.

संध्याकाळी मी त्या पोराला बोलावून विचारले की हे कोणी शिकवले. त्याने माझ्या कोर्समेटचे नाव घेतले. 'साहेब रोज सकाळी आम्हाला रांगेत दोर धरून उभे करायचे आणि हातात छडी घेऊन प्रत्येकाचा अंगठा बघत जायचे. चुकला की टक्. सहा महिने, एक दिवस चुकला नाही.' हे तो हसत हसत सांगत होता. त्या जागेवर मी गेलो असतो तर मी रोज सकाळी अंगठे तपासले असते का? खरे उत्तर असे आहे की नसते. मी तिथे बसून बदलीचे अर्ज लिहिले असते, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या एखाद्या पोराने कुठल्यातरी पावसाळी सकाळी कोणाचा तरी अंगठा जाऊ दिला असता. म्हणून सांगतो : मिळालेली जागा भर. ती रिकामी ठेवलीस तर तिची किंमत तुला माहीतही नसलेला कोणीतरी माणूस, तुला माहीतही नसलेल्या डेकवर देतो.

आता तुझा आक्षेप. तू हुशार आहेस, तो तू काढणारच, म्हणून मीच काढतो. सामंत कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. १९७१ च्या युद्धात 'करंज'ची कमान ज्यांच्याकडे होती ते व्ही. एस. शेखावत यांना वीर चक्र मिळाले आणि १९९३ मध्ये ते नौदलप्रमुख झाले. म्हणजे पाणबुडीवर असलेला माणूस शिखरावर गेला आणि चिखलात उतरलेला चार पट्ट्यांवर थांबला, असा हिशेब कोणीही मांडू शकतो. मी स्वतः कमांडरच्या तीन पट्ट्यांवर घरी आलो, तेव्हा मला असे बोलणे सोपे आहे, असेही तू मनात म्हणशील. म्हण. बढतीच्या मंडळाने मला दोनदा वगळले तेव्हा मीही खूप हिशेब मांडले. १९८३ चा तो फोन माझ्या आड आला, असे काही वर्षे मी स्वतःला सांगत होतो. नंतर काही वर्षे त्याचा काही संबंध नव्हता, असे सांगत होतो. दोन्ही सांगणी सोयीप्रमाणे आलटून पालटून वापरली. आज एवढेच कबूल करतो की तो फोन केला नसता तर मी कदाचित कॅप्टन झालो नसतोच, पण त्या दीड वर्षाकडे बघताना मला नजर चुकवावी लागली नसती. शेखावतांनी त्यांना मिळालेली जागा भरली, सामंतांनी त्यांना मिळालेली भरली. पट्टे मोजणे हा आपला उद्योग, त्यांचा नव्हे.

आणि जागा भरली की सगळे नीट होते, असेही मी तुला सांगणार नाही, कारण ते खोटे आहे. डिसेंबर १९७१ मध्ये सामंत स्वतः नौका घेऊन निघाले. कलकत्ता बंदराच्या दोन साध्या नौकांवर ४० मिलिमीटरच्या बोफर्स तोफा चढवून 'पद्मा' आणि 'पलाश' तयार केल्या होत्या. त्यांवर बंगाली नौसैनिक होते. बरोबर आपली चिमुकली गस्ती नौका 'पनवेल' आणि सीमा सुरक्षा दलाची 'चित्रांगदा'. (पनवेल! आपल्याला त्या नावाने एसटीचा थांबा आठवतो.) खाडीसारख्या वळणावळणाच्या नद्यांतून हा काफिला वर गेला, १० डिसेंबरच्या सकाळी मोंगला हाती आले आणि त्यांनी तसाच खुलन्याकडे मोर्चा वळवला. आपल्या विमानांना ओळख पटावी म्हणून नौकांवर पिवळा रंग दिला होता. तयारीत कसूर नव्हती. दुपारच्या सुमाराला आकाशात विमाने दिसली, ती आपली नॅट विमाने होती, आणि त्यांनी आपल्याच नौकांवर हल्ला चढवला. 'पद्मा' गेली, 'पलाश' गेली. 'पलाश'च्या इंजिनखोलीतले रुहुल अमीन नौका वाचवण्यासाठी शेवटपर्यंत झटले आणि प्राणास मुकले. आज ते बांगलादेशाच्या सात बीरश्रेष्ठांपैकी, म्हणजे तिथला सर्वोच्च शौर्य सन्मान मिळालेल्यांपैकी, एक आहेत. पोहून काठाला लागलेल्यांवर काठावरून गोळ्या झाडल्या जात होत्या. लीडिंग सीमन चिमण सिंग स्वतः जखमी असताना सोबत्यांना निसटता यावे म्हणून शत्रूवर चालून गेला आणि पकडला गेला.

सामंत 'पनवेल'वर होते. त्या क्षणी माघारी वळले असते तर जगातल्या कोणत्याही चौकशी मंडळाने त्यांना दोष दिला नसता. आपल्याच विमानांनी दोन नौका बुडवलेल्या, काठावर शत्रू, हाताशी एक लहानशी बोट. ते वळले नाहीत. लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा यांच्या कमानीखालच्या त्या एकट्या बोटीने काठावरच्या ठाण्यांशी झुंज दिली आणि पाण्यातली माणसे उचलली. १९७१ च्या युद्धासाठी नौदलाला आठ महावीर चक्रे मिळाली. त्यांतली तीन, म्हणजे सामंत, नोरोन्हा आणि चिमण सिंग यांची, या फेरीतली आहेत. विमानवाहू जहाज, क्षेपणास्त्र नौका, नामांकित विनाशिका असा सगळा लवाजमा असताना आठांतली तीन चक्रे या बंदरी नौकांच्या वाट्याला आली. हे मी वर्षानुवर्षे मनाशी घोळवत आलो आहे आणि दर वेळी शेवटी १९८३ च्या त्या फोनपाशी येऊन थांबतो.

तुझ्या मेलमधल्या आणखी एका गोष्टीचा मला राग आला, तोही सांगून टाकतो. तुझ्या कोर्सच्या व्हॉट्सअॅप गटावर कोण कुठे गेला याची यादी फिरते आहे आणि त्यात तुझ्या नावापुढे कोणीतरी रडका चेहरा टाकला आहे, म्हणून तू रात्रभर झोपला नाहीस. अरे, चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराने टाकलेल्या एका चित्रावर तू नोकरी सोडायला निघालास? गटातून बाहेर पड किंवा राहा, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. पण तुझ्या नेमणुकीचे मोल त्या यादीने ठरवायचे असेल तर पाणबुडीतही तुझे कठीण आहे. तिथे तर महिना महिना कोणाला तुझा चेहराही दिसणार नाही.

रागावलो, राहू दे. पंधरा तारखेला तू हजर होशील तेव्हाचे दोन शब्द कामाचे ऐक. पहिल्या आठवड्यात काहीही सुधारायला जाऊ नकोस. तुझ्या हाताखालचे चीफ पेटी ऑफिसर तुझ्या दुप्पट समुद्र बघितलेले असतील. त्यांना 'चीफ' म्हणून हाक मार आणि त्यांच्याकडून तळावरचे सगळे दोर दाखवून घे, कोणता कुजला आहे आणि कोणता कागदावरच नवा आहे, ते त्यांना ठाऊक असते. पोरांची नावे महिन्याभरात पाठ कर. ती ओडिशा, बिहार, हरियाणा, सातारा, कुठून कुठून आलेली असतील, निम्म्यांना पोहता येत नसेल आणि ती तुला ते सांगणार नाहीत, लाजतील. ती कोण ते पहिल्या पंधरा दिवसांत हुडकून काढ. पाणबुडीसाठी पुन्हा अर्ज करायची मुदत येईल तेव्हा जरूर कर, योग्य मार्गाने, वरिष्ठांच्या शेऱ्यासह. माझी त्याला हरकत असण्याचे कारणच नाही. मात्र तो अर्ज लिहिताना तुझ्या तुकडीतल्या एकाही पोराचा अंगठा दोराच्या चुकीच्या बाजूला असता कामा नये.

माझ्या कोर्समेटचा पत्ता मागितलास तर आनंदाने देईन. तो आता डोंबिवलीला नातवंडांत रमला आहे, थोडे कमी ऐकू येते, पण दोर हातात दिलास तर अजून तासभर बोलेल. मी त्याला ती अंगठ्याची गोष्ट सांगायला पुढची नऊ वर्षे घेतली. ऐकून तो म्हणाला, 'छडी बांबूची होती, सरळ, छान होती,' आणि चहा मागवला.

तुझ्या वडिलांना तुझ्या मेलबद्दल काही बोललो नाही आणि बोलणार नाही. आणि तू ज्यांचा फोन क्रमांक मागितला आहेस, ते माझे जुने वरिष्ठ मुख्यालयात अजून ऐकले जाणारे गृहस्थ आहेत. त्यांचा क्रमांक माझ्या निळ्या वहीत आहे, १९८३ च्या त्या क्रमांकाच्या दोन पाने पुढे. तो मी तुला देणार नाही.

हजर झाल्यावर कळव.

तुझा,
काका